विषाणू आधी कोणाला दिसला

शहरातल्या रस्त्यांवरचे दिवे लावणं आणि विझवणं हे आमच्या कार्यालयाचं काम आहे. दिवे खांबावर असतात, वायरमन शिडीवर असतो आणि या दोघांची माहिती आमच्या संगणकांत असते. त्यामुळे हे संगणक सुरक्षित असणं किती गरजेचं आहे, हे सुज्ञ वाचकाला वेगळं सांगायला नको. मी या कार्यालयाचा अधीक्षक. हुद्दा सांगितला तो बढाई म्हणून नव्हे, सांगणारा माणूस जबाबदार आहे एवढं कळावं म्हणून.

आमचे संगणक एकमेकांना जोडलेले नाहीत. पूर्वी होते. पण आमचे साहेब एका प्रशिक्षणाला गेले आणि तिथे त्यांना समजलं की संगणकाचा विषाणू वायरीतून येतो. तो आणखी कुठून येतो हे जेवणानंतरच्या सत्रात सांगितलं म्हणे, पण साहेब जेवून लगेच निघाले होते. परत आल्या आल्या त्यांनी वायरमनला शिडीवरून खाली बोलावलं आणि कार्यालयातल्या सगळ्या जोडणीच्या वायरी कापायला लावल्या. कापलेल्या टोकांना काळी टेप गुंडाळली. आत काही शिल्लक असेल तर ते फरशीवर गळू नये, असा त्यामागचा विचार होता.

आता वायर नाही म्हटल्यावर फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जायची कशी? त्यासाठी साहेबांनी अधिकृत पेनड्राइव्हची योजना आणली. अख्ख्या कार्यालयात एकच पेनड्राइव्ह. बाकी सगळ्यांना बंदी. त्याच्या टोपणावर लाखेची मोहोर उठवली आणि चपट्या नाडीने तो शिपाईमामांच्या गळ्यात घातला. ज्याला फाइल हवी त्याने मामांना हाक मारायची. मामा येणार, टोपण काढणार, दुसऱ्या कोणाचा हात लागू न देता स्वतः पेनड्राइव्ह खोचणार, फाइल उतरली की उपसणार, शर्टाला पुसणार आणि पुढच्या टेबलाकडे निघणार. दिवसभरात कार्यालयातला असा एकही संगणक नव्हता, ज्याला मामांचे पाय लागत नसत. मामांना या जबाबदारीचा इतका अभिमान की घरी जातानाही ते नाडी शर्टाच्या आत घालून वरचं बटण लावून जात.

आमच्याकडे एक ऑपरेटर आहे. वय लहान, हात चलाख, नेमणूक तात्पुरती. सगळे तिला ताई म्हणतात. हजेरीपटावर तिचं नाव वर्षानुवर्षं पेन्सिलीने लिहिलेलं, त्यामुळे नावाने हाक मारायची सवयच कोणाला लागली नाही. तर एका सकाळी ही ताई माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"सर, माझ्या मशीनमध्ये व्हायरस आलाय."

मी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कोणी सांगितलं?"

"सांगायला कोण कशाला हवं? माझी सगळी फोल्डरं गायब आहेत. त्यांच्या जागी नुसते शॉर्टकट आलेत. उघडायला गेलं की एक काळी चौकट चमकते आणि जाते. आत काही नाही."

"काल होतं का असं?"

"काल संध्याकाळी मामा फाइल द्यायला आले, त्याच्या आधी नव्हतं."

"आता यात मामांना कशाला ओढता?"

"मामांना नाही ओढत, सर. त्यांच्या गळ्यात जे आहे त्याच्याबद्दल बोलतेय."

मी आधी साहेबांच्या केबिनकडे पाहिलं. सुदैवाने दार बंद होतं. "ताई," मी आवाज खाली आणून म्हणालो, "तुमची कायम होण्याची ऑर्डर साहेबांच्या संगणकात तयार पडली आहे. असल्या दिवसांत माणसाने डोळे जरा बेताने उघडे ठेवावेत."

हे मी तिच्या भल्याचंच सांगत होतो. ताईला दिवस गेले होते. ती कायम झाली असती तर तिला बाळंतपणाची रजा मिळाली असती आणि परत आल्यावर खुर्चीही. नाही झाली तर ज्या दिवशी ती रजेवर जाईल त्या दिवशी खुर्ची दुसऱ्याची. ऑर्डरला मंजुरी होती ती महिनाअखेरपर्यंतच. तोवर सही झाली नाही तर सगळा प्रस्ताव पुन्हा पहिल्यापासून, आणि बाळ काही प्रस्तावासाठी थांबत नाही. तिच्या सासूबाई रोज संध्याकाळी दारातच विचारत, "झाली का गं सही?" हे तिनेच एकदा हसत हसत सांगितलं होतं. हसू काही फार टिकलं नव्हतं.

पण ती माझं ऐकते कुठे! तिने लेखी दिलं. लेखी आल्यावर मला शेरा मारणं भाग होतं. मी मारला: "विषाणू ऑपरेटर यांच्या संगणकावर आढळला." कागद साहेबांच्या टेबलावर पोचेपर्यंत तोंडातोंडी त्याचं "ऑपरेटरचा विषाणू" असं झालं. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. कार्यालयात लांबलचक वाक्य बोलायला वेळ कोणाला असतो?

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"विषाणू कुठून येतो?"

"वायरीतून, साहेब."

"तिच्या टेबलाला वायर आहे?"

"नाही, साहेब. तुमच्यासमोरच कापली."

"मग हा काय रिक्षा करून आला?" साहेबांनी पेन आपटलं. "कोणीतरी आणल्याशिवाय येत नाही. आणि आणला कोणी? ज्याच्याकडे सापडला त्याने."

या तर्कात मला खोट सापडली नाही. शोधलीही नाही म्हणा.

लगेच कार्यवाही सुरू झाली. ताईचा संगणक भिंतीकडे तोंड करून ठेवण्यात आला. शेजारच्यांना संसर्ग नको म्हणून तिची खुर्ची पाण्याच्या पिंपाजवळ पॅसेजमध्ये हलवली. तिने हाताने लिहायचं आणि ते लिहिलेलं इतरांनी आपापल्या संगणकावर टंकायचं, असं ठरलं. त्यामुळे तिचं काम दुप्पट आणि इतरांचं तिप्पट झालं, पण सुरक्षितता म्हटली की थोडी तोशीस आलीच.

इकडे दोनेक दिवसांत कार्यालयात एक विलक्षण शांतता पसरली. जमाखर्च बघणारे भाऊ एरवी दिवसभर संगणकाच्या नावाने खडे फोडतात. ते एकदम गप्प झाले आणि त्यांनी पडद्यावर कॅलेंडर अडकवलं. तक्रार विभागातल्या काकू संगणक सुरूच करीनात. डोळे दुखतात म्हणाल्या. माझ्या स्वतःच्या संगणकावरही सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले होते. पण कामाला वेग यावा म्हणून ते पूर्वी कधीतरी मीच केले असावेत, असं माझं ठाम मत आहे. मी फेरी मारून प्रत्येकाला विचारलं, "काही अडचण?" सगळे म्हणाले, "छे छे, एकदम मस्त!" आणि सगळ्यांची नजर पॅसेजमधल्या खुर्चीकडे जाऊन आली.

मग साहेबांनी बाहेरून इंजिनियर बोलावला. आला तो गडी पाठीवर सॅक, कानात यंत्र, आणि बोलायला भलताच मोकळा. त्याने ताईचा संगणक भिंतीकडून इकडे फिरवला, चार ठिकाणी टकटक केलं आणि चहा यायच्या आत सगळी फोल्डरं जागच्या जागी परत आणली.

"फाइली कुठे गेल्या नव्हत्या. नुसत्या लपवलेल्या होत्या," तो म्हणाला. "हा पेनड्राइव्हमधून येणारा प्रकार आहे. इथे पेनड्राइव्ह कोण वापरतं?"

मामा नेमके तेवढ्यात पाणी प्यायला आले होते. इंजिनियरने त्यांच्या गळ्याकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"अधिकृत आहे," मामा म्हणाले आणि त्यांनी छातीवर हात धरला.

इंजिनियर सरळ साहेबांकडे गेला. मी मागोमाग होतोच. "साहेब, रोगाचं मूळ तो मामांच्या गळ्यातला पेनड्राइव्ह आहे. तो आधी साफ करायला पाहिजे."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "तो अधिकृत आहे. त्यावर मोहोर आहे. तुम्ही पाहिली नाहीत का?"

"मोहोर टोपणावर आहे, साहेब."

"मग? टोपण बंदच असतं."

"पण खोचताना काढतात ना!"

"खोचल्यावर तर तो आतच असतो. त्याला बाहेरचं काही लागायचा प्रश्न येतोच कुठे?"

इंजिनियरने कपाळावर हात मारला. तरीही बिचारा चिकाटीचा निघाला. म्हणाला, "बरं, मी सगळ्या संगणकांवर साफसफाईचं सॉफ्टवेअर टाकतो." ही सूचना साहेबांना पटली. फक्त नियमाप्रमाणे बाहेरचा पेनड्राइव्ह कुठेही चालणार नव्हता. म्हणून ते सॉफ्टवेअर अधिकृत पेनड्राइव्हवर घ्यायचं आणि मामांनी ते प्रत्येक टेबलावर पोचवायचं, असा आदेश निघाला. मामांनी औषध आणि दुखणं एकाच फेरीत सगळ्यांना वाटलं. इंजिनियर खिडकीपाशी उभा राहून बाहेर बघत राहिला.

शिवाय एक पेच होता. साफसफाईचं काम त्याला द्यायचं तर संगणक बिघडल्याची तक्रार हवी. तक्रार एकट्या ताईची. तेव्हा साफ करायचा तो एकट्या ताईचा संगणक. इंजिनियर रोज सकाळी येऊन तो साफ करी आणि पुन्हा भिंतीकडे फिरवी. दुपारी मामा नेमाने त्यावरही फाइल उतरवून जात. संध्याकाळी पुन्हा शॉर्टकट. पहिले काही दिवस इंजिनियर चिडचिड करायचा. पुढे त्याला फेरीमागे पैसे मिळतात हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याचा स्वभाव कसा निवळला. नंतर नंतर तो पेनड्राइव्हचं नावही काढीना. उलट मामांची विचारपूस करू लागला. मामांनीही "साफ ठेवा" हा त्याचा पहिला सल्ला मनावर घेतला होता. ते रोज सकाळी पेनड्राइव्हवरून स्पिरिटचा बोळा फिरवत.

साहेबांनी दरम्यान एक परिपत्रक काढलं: अनधिकृत पेनड्राइव्ह वापरल्यास कडक कारवाई होईल. परिपत्रक वाचणं सर्वांना बंधनकारक. ते अर्थातच मामांमार्फत अधिकृत पेनड्राइव्हवरून टेबलोटेबली गेलं आणि प्रत्येक ठिकाणी शॉर्टकट होऊन उतरलं. बंधनकारक असल्यामुळे प्रत्येकाने तो उघडून पाहिला. काहींनी दोनदा. उघडलं कोणाचंच नाही, पण वाचल्याच्या सह्या सगळ्यांनी केल्या. मी पहिली केली.

महिना सरत आला तशी ताईची चुळबुळ वाढली. पॅसेजमध्ये बसून तिच्या पायांना सूज येई. एक दिवस ती उठून थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेली. मी आत होतोच.

"साहेब, माझ्या ऑर्डरवर तेवढी सही झाली असती तर..."

"हो हो, झालीच समजा." साहेब मनाने वाईट नाहीत. "अधीक्षक, ती छापून आणा."

आता प्रिंटर माझ्या खोलीत आणि ऑर्डर साहेबांच्या संगणकात. मामांना हाक मारली. मामांनी मोठ्या आपुलकीने ऑर्डर पेनड्राइव्हवर घेतली. "ताई, पेढे नकोत हां आम्हाला, नुसतं बाळ दाखवायला आणा," असं म्हणत ते माझ्या खोलीत आले. खोचलं. शॉर्टकट. उघडलं. काळी चौकट चमकली आणि गेली. मामांनी उपसून, पुसून, फुंकर मारून पुन्हा खोचलं. पुन्हा तेच.

मी साहेबांना जाऊन सांगितलं, "ऑर्डर उघडत नाही."

"का?"

"विषाणूमुळे."

"कोणाच्या?"

मी ताईकडे पाहिलं. साहेबांनीही पाहिलं. आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू गंभीर झाला. "म्हणजे बाई, तुमच्या विषाणूने तुमचीच ऑर्डर खाल्ली! याला मी काय करणार? शिवाय ज्यांच्या नावावर विषाणू प्रलंबित आहे, त्यांना कायम कसं करायचं? उद्या वरून विचारणा झाली तर? आधी विषाणूचा निकाल लागू दे."

"अहो साहेब, तो माझा नाहीये!" ताईचा आवाज चढला. ती पार रडकुंडीला आली होती. "तो सगळ्यांकडे आहे. भाऊंच्या कॅलेंडरमागे आहे. काकूंकडे आहे. ह्या सरांच्या मशीनवर आहे. तुमच्याही आहे. सगळे गप्प आहेत म्हणून मी खोटी पडते का?"

"आणखी कोणाची लेखी तक्रार आहे?" साहेबांनी मला विचारलं.

"नाही, साहेब," मी म्हणालो. खरं बोलायला मी कोणाच्या बापाला भीत नाही.

ताई बाहेर येऊन पिंपाजवळच्या खुर्चीत बसली. तोंडाला पदर लावून रडली, अगदी सगळ्यांदेखत. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. मी तिच्यासाठी पंख्याचं बटण दाबून आलो. मामा तिच्या शेजारी स्टुलावर टेकले. हाताने ते गळ्यातली नाडी कुरवाळत राहिले.

"ताई, एक सांगू?" ते शेवटी म्हणाले. "रागावू नका. ह्या कार्यालयात तो फक्त तुम्हाला दिसला. म्हणून तो तुमचा. तुम्हाला दिसायचा थांबला, की संपलं. राहायला त्याला दुसरीकडे जागाच नाही."

"मामा, तुम्हाला पण माहितीये ना, तो कुठे आहे?"

मामांनी वरचं बटण लावलं. "मला तीन वर्षं राहिलीत, ताई. पेन्शन आहे."

दुसऱ्या दिवशी महिन्याचा शेवटचा दिवस होता. ताई सकाळी आली ती पॅसेजमध्ये बसलीच नाही. आपला संगणक तिने स्वतः ओढून भिंतीकडून सरळ केला, सुरू केला आणि क्षणभर त्याच्यासमोर बसली. मी मागून पाहिलं. पडदाभर शॉर्टकट होते. मग ती उठून केबिनमध्ये गेली.

"साहेब, विषाणू गेला."

"गेला?" साहेब उभेच राहिले. "कसा काय?"

"माझी तक्रार मी मागे घेते. मला आता दिसत नाही."

"नक्की बघितलंत?"

"नाही, साहेब. बघत नाही, म्हणूनच सांगते."

साहेबांना हायसं वाटल्याचं स्पष्ट दिसलं. त्यांनी तिथल्या तिथे शेरा दिला: "विषाणूचे समूळ उच्चाटन झाले." राहिला प्रश्न ऑर्डरचा. ती अजूनही कुठेच उघडत नव्हती, पण आता विषाणूच नसल्यामुळे का उघडत नाही हे विचारायची सोय राहिली नव्हती. अखेर ताईने ती स्वतःच्या हाताने कोऱ्या कागदावर लिहून काढली. मजकूर तिला तोंडपाठ होता. नमुन्यात शेवटी असतं तेही वाक्य तिने टपोऱ्या अक्षरात उतरवलं: "ही प्रत संगणकाद्वारे तयार केलेली असल्याने सहीची आवश्यकता नाही." त्याखाली साहेबांनी सही केली. मी शिक्का मारला. हजेरीपटावरचं पेन्सिलीचं नाव खोडून मी स्वतः शाईने लिहिलं. मामांनी सगळ्यांना चहा दिला. इंजिनियरचा चेहरा मात्र उतरला. त्याची फेरी बंद झाली होती.

ताई त्या संध्याकाळी घरी निघाली तेव्हा मी दारापर्यंत गेलो. "आता सासूबाईंना काय सांगाल?" मी विचारलं.

"सही झाली म्हणून सांगेन," ती म्हणाली. माझ्याकडे काही तिने पाहिलं नाही.

आज आमचं कार्यालय विषाणूमुक्त आहे. तसा फलक दारावर लावला आहे. साहेबांना याच विषयावर बोलायला इतर कार्यालयांतून बोलावणी येतात. जेवणाआधीच्या सत्रात.

तुम्ही हसताय, दिसतंय मला. हसा. पण मी तुमच्या घरी आलेलो आहे बरं का, तुमच्यासारख्यांच्या घरी चहाला येणं माझं होतं. तुमच्या संगणकाच्या उजव्या कोपऱ्यात रोज सकाळी तो लाल चौकोन उगवतो ना, "आपला संगणक धोक्यात आहे" म्हणणारा? माझ्यादेखत तुम्ही त्यावर बोट नेलंत आणि "नंतर आठवण करा" दाबलंत. मुलाने विचारलं, "हे काय होतं?" तर म्हणालात, "काही नाही रे, येतं ते अधूनमधून." इतक्या सफाईने तर आमच्या कार्यालयातही कोणाला जमत नाही.

आमच्या ताईच्या पोटात निदान बाळ होतं हो. तुमचं काय कारण?